दोन विटा खोल

बावीस वर्षं मी पाठीवर निजून कमावलं.
युरियाच्या रिकाम्या पोत्यावर,
वर जीपचं पोट, नाकापासून वीतभर,
आणि डोळ्यांत झडणारी माती.
त्या मातीवरून सांगतो मी
गाडी दिग्रसकडून आली की आर्णीकडून.

यंदा मानेनं सांगितलं, बस.
डॉक्टरनं पट्टा दिला, तो खिळ्याला टांगला,
आणि गॅरेजात चुन्यानं लांबट चौकोन आखला,
दहा फूट बाय अडीच.
दुर्पता दारातूनच म्हणाली,
"एवढा कोनासाठी?"
मग स्वतःच जीभ चावली,
मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

दुर्गय्या वडार आला, पहार टेकून उकिडवा बसला,
चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकला.
"काळी हाय भाऊ. उन्हाळ्यात फाटते, पान्यात फुगते.
चार इंची भिताड त पोटात घेईन."
मग ठरलं, नऊ इंची भिंत,
तिच्या पाठीशी हातभर मुरूम,
कोपऱ्यात पाणी उपसायला बारकी कुंडी,
आणि तळातून एक पाइप बाहेर काढायचा,
कारण पेट्रोलचा वास जड, तो खाली बसून राहतो
न सांगता आलेल्या सोयऱ्यासारखा.

तिसऱ्या दिवशी गावभर झालं
गॅरेजात धन आहे म्हणून.
रात्री टॉर्च दिसला म्हणे, लिंबं दिसली.
लिंबं शरबताची होती.
उकंडराव पोलीस पाटील काठावर येऊन उभे राहिले.
"मूर्ती-बिर्ती लागली त सांगजो बरं."
तेवढ्यात पहार खणकन वाजली.
सगळे वाकले. उकंडरावांची टोपी आत पडली.
निघाला बारा-तेराचा पाना,
चार वर्षांमागं ऐन एप्रिलात भेगेत गेलेला,
ज्याच्यापायी मी अंकुशच्या कानाखाली मारली होती
आणि अंकुश परत कामावर आला नाही.

लोक हसत घरी गेले.
मी पाना रॉकेलमध्ये भिजत घातला.
अंकुश आता चाकणला आहे कुठल्याशा कंपनीत.
नंबर आहे माझ्याजवळ.

खोलीचं माप माझंच घ्यायचं होतं.
भिंतीशी उभा राहिलो, पाना धरल्यासारखे हात वर,
दुर्पतानं कोळशानं रेघ मारली.
आचल तिथंच होती, दहावीची सुट्टी,
मी चौदा-पंधरा म्हणायच्या आत
चौदा-पंधरा हातात ठेवणारी.
ती सहज त्या रेघेखाली येऊन उभी राहिली, हात वर केले,
तिची मनगटं रेघेच्या वर गेली.
कोणी काही बोललं नाही.
संध्याकाळी दुर्गय्याला म्हटलं,
अजून दोन विटा खाली घे.
"मंग तुले कसं पुरन?"
"मी पाट घेतो पायाखाली."

मृगाच्या आधी मोहोडांची पिकअप आली.
बाभळीच्या फळ्या काढल्या,
आचल पुढं उभी राहून हातानं दाखवत होती,
या, या, या, डावीकडं थोडी, बस.
मी सहा पायऱ्या उतरलो, पाटावर चढलो
आणि उभ्यानं वर पाहिलं.

बावीस वर्षं ज्याला तुकड्या-तुकड्यानं ओळखत होतो
ते सगळं एकदम, पुढून मागपर्यंत.
शाफ्टला गुंडाळलेला कापूस,
पाट्यांच्या सांधीत तुरीची काडी,
सायलेन्सरवर भाजून काळं पडलेलं शेण,
आणि मागच्या मडगार्डच्या आत, कोरड्या जागी,
कुंभारणीचं घर, तोंड लिंपून बंद केलेलं.
एवढ्या खडखडाटात तिनं ते कधी बांधलं असेल?

"काय गळून रायलं बाबा?"
दिसत होतं काय गळतंय ते.
तरी मी थोडा वेळ तसाच राहिलो,
मान वर, हात रिकामे,
पाठीला कुठंच काही टेकलेलं नाही.

मग वरून एक हात खाली आला,
न मागता.
बारा-तेरा, गंज घासून काढलेला.